विकताना भाव पडतो

आर्डिसने उभ्या गाडीतच पायाखालचा ब्रेक करकचून दाबला, आड येणारी गियरची दांडी पार शेवटच्या खाचेपर्यंत खाली ओढली आणि दोन्ही हातांची बोटं रेडिओभोवतीच्या लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्टीखाली खुपसून ती हिसडली. कट्‌, कट्‌ करत एकेक चाप सुटला. गाडी घेतल्यापासून आठ वर्षांत त्या पट्टीला कुणी नखसुद्धा लावलं नव्हतं. फडकं तेवढं दर शनिवारी लागायचं, आणि ते काम गेलनचं, तिच्या नवऱ्याचं.

"ये बाई, ये बाहेर," ती पट्टीला म्हणाली. "रुसून काय बसतेस!"

दुपारचे दोन वाजले होते. शेडचं मोठं दार सताड उघडं होतं आणि बाहेर माना खाली घातलेली सूर्यफुलं कापणीची वाट बघत करडी पडली होती. ब्यूक गाडी शेडच्या मधोमध उभी होती, आणि पुढच्या सीटवर अंथरलेल्या जुन्या चादरीवर आर्डिसने हत्यारं मांडली होती: सात मिलिमीटरचा पाना, पक्कड, तार कापायचं कटर. कुणाला विचारायची तिला गरज नव्हती. गावातल्या ट्रॅक्टरच्या दुकानात सुट्या भागांच्या काउंटरवर तिने बावीस वर्षं काढली होती. लग्नाचा वाढदिवस ती विसरायची, पण बेअरिंगचा नंबर कधी विसरली नाही.

पहिला स्क्रू सुटला. दुसरा सुटला. ती मान वाकडी करून रस्त्याकडे कान देऊन होती. गेलन गावातल्या धान्याच्या कोठारावर इतर शेतकऱ्यांबरोबर कॉफी प्यायला गेला होता. पूर्वी तिथे तो दोन तास बसायचा, हल्ली अर्ध्या तासात परत यायचा. आज त्याने लवकर यावं अशीच तिची इच्छा होती. त्याने यावं, आणि हे उघडं पडलेलं भगदाड बघून आकाशपाताळ एक करावं.

कारण गेलन ट्वेट हा माणूस कोणतीच वस्तू वापरायला घेत नसे. तो ती विकायला घ्यायचा. मधली वीस-तीस वर्षं ती सांभाळायची, एवढंच. ब्यूकच्या मागच्या सीटवर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच होतं. खालच्या चटयांवर दुसऱ्या चटया होत्या. घरातल्या बैठकीच्या भिंतीत त्रेचाळीस वर्षांत एक खिळा नव्हता; लग्नाचा फोटो, मुलीचा फोटो, सगळे कपाटावर भिंतीला टेकून उभे. आर्डिसला स्वयंपाकघर पिवळं हवं होतं. "विकताना भाव पडतो," गेलन म्हणाला होता. तिला अंगणात विलोचं झाड हवं होतं. त्याची मुळं पाइपात शिरतात, विकताना भाव पडतो. एकदा चिडून ती म्हणाली होती की मलाही प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं होतंस, तर हा बाबा खरंच क्षणभर विचारात पडला होता!

त्यामागे कारण होतं, आणि तिला ते ठाऊक होतं. गेलन एकोणीस वर्षांचा असताना त्याच्या बापाच्या घरादाराचा लिलाव झाला. त्या मुलखात लिलाव हा प्रकार लग्नाबारशासारखाच, आज याच्याकडे तर उद्या त्याच्याकडे. घरातलं सगळं किडूकमिडूक गवताच्या गाड्यांवर मांडतात, चर्चच्या बायका ॲपल-पाय आणि कॉफी विकतात, आणि शेजारीपाजारी एकेक वस्तू उचलून बघतात. कुणीतरी गेलनच्या आईचं पीठ कालवायचं भांडं उचललं, उलटं केलं, शेजारणीला बुडाची चीर दाखवली आणि काही न बोलता परत ठेवलं. त्याची आई चार पावलांवर उभी होती. त्या दिवसापासून गेलनच्या हातून कशाला चीर गेली नाही.

हे सगळं कळत असूनही आर्डिस त्रेचाळीस वर्षं त्या एका वाक्यावर दात खात आली होती. आणि आता तेच वाक्य ऐकायला ती तरसली होती.

जूनमध्ये बिस्मार्क शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या कर्करोगाचं नाव घेतलं, आणि तेव्हापासून गेलन कशालाच नाही म्हणाला नव्हता. जुलैत आर्डिसने मुद्दाम बैठकीच्या भिंतीत, अगदी मधोमध, चार इंची खिळा ठोकला. तो बघून गेलन म्हणाला, "बरं दिसतंय." ऑगस्टात तिने स्वयंपाकघर पिवळंजर्द रंगवलं, लिंबासारखं. "छान," गेलन म्हणाला, आणि सूप पीत राहिला. रात्रंदिवस भांडणारा नवरा परवडला, पण हा असा देवळातल्या खांबासारखा नवरा नको, असं तिने मुलीला, रोंडाला, फोनवर सांगितलंही. रोंडा म्हणाली, आई, डॅड स्वीकारायला शिकतायत. "स्वीकारतोय कसला!" आर्डिस म्हणाली होती. "सामान बांधून बसलाय तो."

दर गुरुवारी सुईसाठी बिस्मार्कला जायचं, जायला सव्वादोन तास आणि यायला सव्वादोन. गाडीतल्या रेडिओवरचं गावचं स्टेशन चाळीस मिनिटांत मरायचं आणि पुढे नुसती खरखर. पूर्वी खरखर सुरू झाली की गेलनचा हात सापासारखा बटणावर जायचा. हल्ली तो खिडकीबाहेर बघत, दोन्ही हात मांडीवर ठेवून ती खरखर ऐकत बसायचा. मागच्या गुरुवारी आर्डिसने मनात ठरवलं की आता हा रेडिओ राहणार नाही. आकाशातून येणारा घ्यायचा, सगळ्या रस्त्यात न तुटणारा. आणि तो बसवताना या माणसाच्या तोंडून एक तरी 'नाही' काढायचं.

शेवटचा स्क्रू निघाला. तिने रेडिओ खाचेतून ओढला आणि त्याच वेळी पिकअप अंगणात शिरली.

गेलन दारात आला. डोक्यावरची बियाणं कंपनीची टोपी हल्ली त्याला मोठी होत होती. त्याने उघडा डॅशबोर्ड बघितला, चादरीवरची पट्टी बघितली, बायकोच्या मांडीवरचा रेडिओ बघितला.

"काय चाललंय?"

"रेडिओ काढतेय."

"बिघडला का?"

"छे! ठणठणीत आहे. तरी काढतेय."

ती थांबली. गेलनने कोपऱ्यातली पांढरी बादली उलटी केली आणि गाडीच्या उघड्या दारापाशी तिच्यावर बसला.

"बरं," तो म्हणाला.

"उपग्रहाचा बसवतेय. दीडशे चॅनेल आहेत त्यावर. आणि गेलन, गव्हाचा भाव एकावरही नाही."

"गव्हाचा भाव ऐकून आता काय करायचंय."

आर्डिसने ओठ चावला. रेडिओच्या पाठीमागे तारांचा झुबका आणि त्यांच्या टोकाला कंपनीचा राखाडी प्लग होता. तो कापायचा नसतो, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नवा रेडिओ त्याच्याशी जोडायला अडॅप्टर मिळतो. मूळ प्लग शाबूत राहतो आणि गाडी विकताना जुना रेडिओ परत होता तसा बसवता येतो. गेलनने एकदा एक चांगली पिकअप निव्वळ एवढ्यासाठी नाकारली होती की आधीच्या मालकाने प्लग कापला होता. जो माणूस प्लग कापतो, तो इंजिनाचं तेलही वेळेवर बदलत नसणार, असं त्याचं म्हणणं. अडॅप्टर आर्डिसने मागवला होता. तो पुढच्या सीटवर कागदी पिशवीत पडला होता.

तिने कटर उचललं.

"हा प्लग कापू का?"

गेलनने प्लगकडे बघितलं. मग पिशवीकडे बघितल्यासारखं केलं. मग आपल्या बुटांकडे.

"तुला सोपं पडत असेल तर काप."

"खरंच कापीन हं."

"काप की."

तिच्या डोक्यात सणक गेली. तिने झुबका मुठीत धरला आणि कटर दाबलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, तारा जाडजूड होत्या. प्लग तिच्या पायाशी पडला. आता चौदाच्या चौदा तारा एकेक सोलून जोडायच्या, आणि ब्यूक कायमची प्लग कापलेली गाडी.

"कापला," ती म्हणाली.

"हं," गेलन म्हणाला.

तिला वाटलं, हातातलं कटर त्याच्या टोपीवर भिरकावावं. त्याऐवजी ती तारा सोलायला लागली. डोळ्यांत पाणी येत होतं आणि पुसायला हात रिकामा नव्हता. काळी काळीला. स्पीकरच्या जोड्या एकेक करून. गेलन बादलीवर बसून बघत होता. नव्या रेडिओची पिवळी तार तिने उचलली, गाडीची पिवळी तार उचलली, दोघींची टोकं जुळवून पीळ द्यायला लागली.

"नाही," गेलन म्हणाला.

आर्डिसचे हात जागच्या जागी थांबले.

"काय म्हणालास?"

"पिवळी पिवळीला नाही. या गाडीत चोवीस तास वीज असते ती नारिंगीत. पिवळी किल्लीवर चालते. पिवळीला पिवळी लावलीस तर किल्ली काढली की रेडिओ सगळं विसरेल. घड्याळ, स्टेशनं, सगळं. रोज सकाळी पहिल्यापासून." तो बादलीवरून पुढे झुकला होता. "नारिंगी घे. ती नव्या पिवळीला. आणि ही पिवळी लालला. बावीस वर्षं काउंटरवर होतीस ना?"

"ट्रॅक्टरच्या काउंटरवर होते. ट्रॅक्टरला दीडशे चॅनेल नसतात."

"दे इकडे."

त्याने तिच्या हातून तारा घेतल्या. त्याची बोटं पातळ झाली होती, पण पीळ तसाच दिला त्याने, घट्ट आणि एकसारखा, टोक मुडपून. आर्डिसने चिकटपट्टीचे तुकडे कापून दिले. अर्धा तास दोघं असेच बसले, ती आत आणि तो बाहेर, मधे तारा. एकदा तो "अगं, पट्टी सरळ काप" म्हणूनही खेकसला. तिला इतकं बरं वाटलं की तिने पुढचा तुकडा मुद्दाम वाकडा कापला.

रेडिओ खाचेत बसला. राहिली ती ॲन्टेना, काडेपेटीएवढी काळी डबी, बुडाला चुंबक लावलेली. ती छपरावर ठेवायची आणि तिची तार दाराच्या रबरातून आत न्यायची, असं कागदावर लिहिलं होतं. आर्डिसने डबी हातात घेतली तोवर गेलन उठून मागच्या फळीकडे गेलाही. त्याची चाल जूनच्या आधीची होती. तिने देवाचे आभार मानायला सुरुवात केली होती, तेवढ्यात तो ड्रिल घेऊन आला.

"चुंबक नको," तो म्हणाला. "आपल्या वाऱ्यात टिकायचं नाही. पक्कं बसवू."

"पक्कं म्हणजे?"

"छपराला भोक पाडून. तार सरळ खाली."

तिला आधी कळलंच नाही. गेलन ट्वेट, आणि छपराला भोक!

"अरे, पण गाडी..."

"विकायची कुणाला आहे ही?" हवापाण्याबद्दल बोलावं तसं तो बोलला. "शेवटचीच आपली. रोंडाला सांगून ठेवलंय मी, नंतर ती घेऊन जाईल. तिला कुठे भोकाचं काही वाटणार आहे." त्याने ड्रिलचं टोक घट्ट केलं, छपराचा मध्य बोटाने चाचपला आणि पेन्सिलीने तिथे फुली मारली.

म्हणजे तारा जोडताना आलेली ती सगळी तरतरी यासाठी होती तर. काम नीट करून ठेवायचं, मागे कुणाला त्रास नको. आर्डिस गाडीतून बाहेर आली. तिचे गुडघे कटकटले. ती गाडी आणि ड्रिल यांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि तिने पालथा हात त्या फुलीवर ठेवला.

"भोक पाडायचं नाही."

"अगं, वारा..."

"भोक पाडायचं नाही! विकताना भाव पडतो."

ते वाक्य आपल्या तोंडून निघालंय यावर तिचा स्वतःचा विश्वास बसेना. गेलनने ड्रिल खाली केलं.

"कोण विकतंय?"

"मी विकतेय. चार वर्षांनी. मग लाल घेणार आहे आपण, दोन दारांची, आणि तिच्यात प्लास्टिक नसणार. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तू ऐकलंस का रे? त्या म्हणाल्या, हे दुखणं हळू चालतं. म्हणाल्या, काही जण दहा-दहा वर्षं काढतात, शेती करतात, मासे पकडतात. मी शेजारी बसले होते, मी ऐकलं. तू त्या दुखण्याचं नाव तेवढं ऐकलंस आणि हातपाय गाळलेस!"

"काही जण म्हणाल्या त्या. सगळे नाही म्हणाल्या."

"मग त्या काही जणांत जायला तुला काय धाड भरलीय?"

गेलनने टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली. त्याची हनुवटी हलायला लागली होती, आणि आर्डिसला तिथे थांबायचं नव्हतं. रडणं काय, ते कधीही येतं.

"मी प्लग कापला, गेलन."

"बघितलं मी."

"कंपनीचा मूळ प्लग."

"हो."

"मग ओरड माझ्यावर."

"आता ओरडून काय होणार..."

"ओरड म्हणते ना! तीन महिने झाले. भिंतीत खिळा ठोकला, स्वयंपाकघराचं लिंबू केलं, प्लग कापला, आणखी काय करू? घर पेटवू? ओरड!"

गेलनने तिच्याकडे बघितलं. मग खाली पडलेल्या प्लगकडे बघितलं, त्याच्या चौदा तुटक्या शेपट्यांकडे. त्याची मान हळूहळू लाल होत गेली. ती लाली तिच्या ओळखीची होती.

"अडॅप्टर होता!" तो गरजला. "त्या पिशवीत! तुझ्या ढुंगणाला लागून होता, आर्डिस! मी बसल्या बसल्या बघत होतो! मूळ प्लग कोण कापतं? शुद्धीवरचा माणूस मूळ प्लग कापतो? आठ वर्षं! आठ वर्षं मी या गाडीत कुणाला सँडविच खाऊ दिलं नाही! आणि ते स्वयंपाकघर! त्या स्वयंपाकघरात डोळे मिटून सूप पितो मी!"

तुळईवरची कबुतरं फडफडत दाराबाहेर गेली. गेलनला धाप लागली आणि तो बादलीवर बसला. आर्डिसही चाकाला पाठ टेकून खाली बसली, फरशीवरच. तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच ठरवता येईना, म्हणून तिने दोन्ही उरकून घेतलं.

"छान म्हणाला होतास," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"भयंकर आहे तो रंग."

"मला आवडतो."

"मग राहू दे. पण भयंकर आहे."

त्याने उठून ड्रिल फळीवर परत ठेवलं. छपरावरची पेन्सिलीची फुली बाहीने पुसली, वाकून उजेडात बघितली, पुन्हा पुसली. मग खणातून जाड लोकरी कापडाचा तुकडा काढून कात्रीने डबीच्या मापाचा कापला आणि चुंबकाच्या बुडाला चिकटवला, रंगावर चरा उठू नये म्हणून.

रेडिओ चालू करून घ्यायचा तर गाडी आकाशाखाली हवी. आर्डिसने ब्यूक अंगणात काढली, तोंड दक्षिणेला करून, आणि कागदावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या मुलीने रेडिओच्या पडद्यावरचे बारा आकडे-अक्षरं मागितली. गेलनने चष्मा लावून एकेक वाचलं आणि आर्डिसने मोठ्याने सांगितलं.

"आता योजना कुठली घेणार, मॅडम?" मुलगी म्हणाली. "महिन्याची आहे, वर्षाची आहे, आणि आजन्म आहे."

"आजन्म म्हणजे कुणाच्या जन्माची?"

मुलगी जराशी घोटाळली. "रेडिओच्या, मॅडम. जोवर तो रेडिओ चालेल तोवर."

"आणि गाडी विकली तर?"

"तर रेडिओ नव्या गाडीत हलवायचा आणि आम्हाला कळवायचं. योजना तीच राहते. पण तीन गाड्यांपर्यंतच हलवता येतं."

आर्डिसने फोनवर हात ठेवला.

"आजन्म घेतेय मी," ती गेलनला म्हणाली. "तीन गाड्यांपर्यंत चालतं म्हणे."

गेलन छपराला टेकून उभा होता. त्याने डबी एका बोटाने थोडी डावीकडे सरकवली, बघितलं, पुन्हा उजवीकडे सरकवली. त्याचे ओठ हलत होते. ब्यूकची अजून चार वर्षं. पुढच्या प्रत्येक गाडीची आठ तर धरायचीच, नीट वापरली तर दहा. तो बोटांवर मोजत होता, आणि एका हाताची बोटं संपल्यावर त्याने दुसरा हात वर घेतला.

"तिला विचार," तो म्हणाला, "चौथी घेतली तर काय करायचं."

आर्डिसने फोनवरचा हात काढला आणि विचारलं.